कोड खुला, पण पत्ता कुणाचा?

मराठी नाटकाचे पुस्तक उघडले की, पहिल्या काही पानांत एक सूचना हमखास आढळते. या नाटकाच्या प्रयोगाचे, भाषांतराचे आणि रूपांतराचे हक्क अमुक व्यक्तीकडे आहेत व प्रयोगापूर्वी लेखी परवानगी घेणे आवश्यक आहे, असा तिचा आशय असतो. गोव्यात जत्रोत्सवाच्या निमित्ताने गावोगावी नाटके बसवणाऱ्या मंडळींना या सूचनेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही अशीच एक सूचना जोडलेली असते. तिला परवाना किंवा लायसन्स म्हणतात. ‘ओपन सोर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात मात्र मनाईपेक्षा मोकळीक अधिक असते. वापरा, वाचा, बदला आणि इतरांना द्या, असे तो सांगतो.

ही मोकळीक देणाऱ्या अनेक प्रोग्रॅमरांपुढे अलीकडे एक अडचण उभी राहिली आहे. आपला कोड एका बड्या कंपनीच्या संकेतस्थळावर असू नये, असे त्यांना वाटते. म्हणून ते तो तेथून हलवतात आणि स्वतःच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात. यालाच ‘सेल्फ-होस्टिंग’ म्हणतात. पण दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्या कोडची प्रत पुन्हा त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर चढवू शकतो. मूळ लेखकाला हे रोखता येते का? परवाना खऱ्या अर्थाने खुला असेल, तर नाही. असे का, आणि तरीही स्वतःचा सर्व्हर थाटण्यात काय हशील आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या हातातील मोबाइलपासून सरकारी पोर्टलपर्यंत असंख्य गोष्टी अशाच खुल्या कोडवर उभ्या आहेत.

कायद्याच्या लेखी कविता आणि कोड

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणक प्रोग्रॅमचा समावेश ‘साहित्यकृती’ या व्याख्येत करण्यात आला. म्हणजे कथा, कविता आणि कोड कायद्याच्या एकाच दालनात येऊन बसले. कॉपीराइटसाठी नोंदणी करावी लागत नाही. लेखनाबरोबरच तो आपोआप निर्माण होतो. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो टिकतो.

यातून निघणारा पहिला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटतो. ज्या कोडला कोणताही परवाना जोडलेला नाही, त्याचे सर्व हक्क राखीव असतात. महाविद्यालयीन विद्यार्थी आपले प्रकल्प इंटरनेटवर टाकतात आणि परवान्याची फाइल जोडत नाहीत. आपण कोड खुला केला, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तो केवळ दिसतो. कायद्याने खुला होत नाही. वाचनालयात पुस्तक वाचायला मिळते म्हणून ते छापून वाटण्याचा अधिकार वाचकाला मिळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा निष्कर्ष याहून महत्त्वाचा आहे. कॉपीराइट शब्दरचनेला लागू होतो, कल्पनेला नाही. एखाद्याने कोड वाचला, त्यामागची युक्ती समजून घेतली आणि स्वतःच्या शब्दांत नवा प्रोग्रॅम लिहिला, तर मूळ लेखकाचा त्यावर हक्क सांगता येत नाही. कायद्याचे कलम ५२ तर रीतसर मिळालेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत करण्यास आणि त्यामागील तत्त्वे जाणून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण व चाचणी करण्यास स्पष्ट मुभा देते. परवाना कॉपीराइटच्या आधारावर उभा असतो. जेथे कॉपीराइट पोहोचत नाही, तेथे त्यावर आधारलेल्या अटीही पोहोचत नाहीत.

देण्याच्या दोन रीती

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूने चालवण्याचे, ते अभ्यासण्याचे व बदलण्याचे, त्याच्या प्रती वाटण्याचे आणि बदललेल्या प्रती वाटण्याचे अशी चार स्वातंत्र्ये हा त्यांच्या चळवळीचा पाया ठरला. १९८९ साली त्यांनी ‘जीपीएल’ हा परवाना सिद्ध केला. त्यात एक नामी तरतूद होती : कोड घ्या, बदला, विकासुद्धा, परंतु बदललेला प्रोग्रॅम इतरांना द्याल तेव्हा त्याचा कोडही याच अटींवर द्या. कॉपीराइटचे हत्यार येथे ज्ञान अडवण्यासाठी नव्हे, तर ते वाहते ठेवण्यासाठी वापरले गेले. लिनक्सचा गाभा याच परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे.

दुसरी रीत ‘एमआयटी’ आणि ‘बीएसडी’ या परवान्यांची. त्यांची अपेक्षा अगदी माफक : लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवा, बाकी काहीही करा. कोड घेऊन बंदिस्त उत्पादनात वापरला तरी हरकत नाही.

हे परवाने म्हणजे नुसती सदिच्छापत्रे नव्हेत. मॉडेल रेल्वेगाड्या चालवण्याच्या सॉफ्टवेअरवरून उद्भवलेल्या ‘जेकबसन विरुद्ध कॅटझर’ या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने २००८ मध्ये महत्त्वाचा निवाडा दिला. मोफत दिलेल्या कोडच्या परवान्यातील अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. दिलेली वस्तू फुकट होती, म्हणून तिच्या अटी पोकळ ठरत नाहीत.

तरीही फट राहते. जीपीएलचे बंधन लागू होते ते प्रत इतरांना देताना. एखाद्या कंपनीने असा कोड घेतला, त्यात बदल केले आणि तो आपल्याच सर्व्हरवर चालवून लोकांना केवळ सेवा पुरवली, तर तिने प्रत कुणालाच दिलेली नसते. साहजिकच बदल उघड करण्याचे बंधनही येत नाही. ही फट बुजवण्यासाठी नोव्हेंबर २००७ मध्ये ‘एजीपीएल’ परवाना आला. बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही त्याचा कोड मिळाला पाहिजे, अशी त्याची अट आहे.

सर्वांचा कोड एका छताखाली

कोड साठवण्याची आजची पद्धत ‘गिट’ या साधनावर चालते. त्याचा जन्मच परावलंबनाच्या चटक्यातून झाला. लिनक्सचे प्रोग्रॅमर ‘बिटकीपर’ नावाचे एका खासगी कंपनीचे साधन वापरत होते. २००५ मध्ये कंपनीने त्यांची मोफत वापराची सवलत काढून घेतली. तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतले. गिटमध्ये प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास सामावलेला असतो. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, हे सारे प्रत्येकाजवळ असते. तांत्रिकदृष्ट्या त्याला केंद्राची गरज नाही.

केंद्र मात्र निर्माण झालेच. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘गिटहब’ने कोड ठेवणे, त्रुटी कळवणे, सुधारणा सुचवणे हे सारे एका पानावर आणले आणि जगभरचे प्रोग्रॅमर तेथे जमले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना ही कंपनी विकत घेतली. जानेवारी २०२३ मध्ये तिच्या वापरकर्त्यांची संख्या दहा कोटींवर गेली. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला त्याचे गिटहब खाते विचारले जाते, इतके हे नाव आता रुळले आहे.

एका दारावर सर्वांनी अवलंबून राहण्याचे परिणामही दिसले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातील प्रोग्रॅमरांच्या खात्यांवर मर्यादा आल्या. सार्वजनिक कोड दिसत राहिला, पण अनेकांना आपल्याच खासगी कोडपर्यंत पोहोचता येईना. इराणपुरती ही बंधने जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी सरकारची विशेष अनुमती मिळाल्यावर हटली. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेच्या तक्रारीवरून ‘यूट्यूब-डीएल’ हा प्रकल्प हटवला गेला आणि सुमारे तीन आठवड्यांनी परत आला. भारतातही डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी प्रचाराचे कारण देऊन सरकारी आदेशाने जे ३२ पत्ते रोखण्यात आले, त्यांत गिटहबचे पत्ते होते. आणि सेवा कंपनीनेच गुंडाळली तर? ‘गूगल कोड’ ही तशीच सेवा गूगलने मार्च २०१५ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले व जानेवारी २०१६ मध्ये ती मिटली.

या चारही प्रसंगांत संबंधित कोडचे परवाने जसेच्या तसे वैध होते. पण परवाना प्रतीवरचे हक्क सांगतो. प्रत जेथे ठेवली आहे त्या घराची किल्ली कुणाकडे, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

परवाना कुठे थांबतो?

मग परवान्यातच ‘हा कोड अमुक संकेतस्थळावर ठेवू नये’ अशी अट घातली तर? घालता येईल, परंतु त्या क्षणी तो परवाना ‘ओपन सोर्स’ राहणार नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या व्याख्येनुसार व्यक्ती, गट किंवा कार्यक्षेत्र यांच्यात भेदभाव करणारा परवाना खुला म्हणता येत नाही. स्टॉलमन यांचे पहिले स्वातंत्र्यही ‘कोणत्याही हेतूने’ असेच आहे. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तर जादा निर्बंध कुणी जोडलाच, तर तो काढून टाकण्याची मुभा कोड मिळवणाऱ्याला दिलेली आहे.

हेतू कितीही चांगला असला तरी हे सूत्र बदलत नाही. ‘जेसन’ या माहिती-स्वरूपाच्या एका सॉफ्टवेअरच्या परवान्यात ते केवळ चांगल्या कामासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे, अशी ओळ होती. वाचायला ती सज्जनपणाची वाटते. पण चांगले-वाईट ठरवणार कोण? मुक्त सॉफ्टवेअर चळवळीने त्या परवान्याला मुक्त मानण्यास नकार दिला.

धंद्याच्या बाजूनेही असे प्रयत्न झाले. आपला खुला कोड घेऊन मोठ्या क्लाउड कंपन्या सेवा विकतात आणि पदरी काही पडत नाही, या तक्रारीतून ‘मोंगोडीबी’ने २०१८ मध्ये आणि ‘इलॅस्टिक’ने २०२१ मध्ये अधिक कडक परवाना स्वीकारला. त्याला ओपन सोर्सची मान्यता मिळाली नाही. उलट इलॅस्टिकच्या आधीच्या खुल्या आवृत्तीवरून ॲमेझॉनने ‘ओपनसर्च’ नावाचा वेगळा प्रकल्प उभा केला. एकदा खुल्या परवान्याने दिलेली प्रत परत मागता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण. २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा खुल्या परवान्याची वाट धरली.

प्रश्न सर्वाधिक चिघळला तो कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. जून २०२१ मध्ये गिटहबने ‘कोपायलट’ हे कोड सुचवणारे साधन आणले. ते सार्वजनिक कोडवर शिकवलेले होते. आपल्या परवान्यातील नामोल्लेखाची अट येथे पाळली जात नाही, अशी अनेकांची तक्रार होती. जून २०२२ मध्ये ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने गिटहब सोडण्याचे आवाहन केले आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात खटला दाखल झाला. २०२४ पर्यंत न्यायालयाने त्यातील बहुतेक दावे फेटाळले. परवान्याच्या अटी आणि करारभंग यांविषयीचे दावे तेवढे शिल्लक ठेवले. मूळ पेच असा की, यंत्राने कोड ‘वाचून शिकणे’ ही कॉपीराइटच्या कक्षेतील नक्कल मानायची का? तशी मानली, तर परवान्याच्या अटी लागू होतील. नाही मानली, तर कितीही कडक परवाना निरुपयोगी ठरेल. आपल्याकडे ‘एएनआय’ वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ओपनएआय’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेला खटला बातम्यांविषयी आहे, परंतु त्याच्या मुळाशी प्रश्न हाच आहे.

स्वतःचे घर : काय मिळते, काय नाही

आता स्वतःच्या सर्व्हरकडे वळू. हा मार्ग आडवळणाचा राहिलेला नाही. ‘डेबियन’, ‘ग्नोम’ आणि ‘केडीई’ हे मोठे प्रकल्प ‘गिटलॅब’ हे सॉफ्टवेअर आपापल्या सर्व्हरवर चालवतात. लहान प्रकल्पांसाठी ‘फोर्जेओ’सारखे हलके सॉफ्टवेअर आहे. स्वतःचा सर्व्हर परवडत नसेल, तर बर्लिनमधील ‘कोडबर्ग’ ही सदस्यांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारी ना-नफा संस्था जागा देते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘झिग’ ही प्रोग्रॅमिंग भाषा गिटहब सोडून तेथे गेली.

यातून पहिला लाभ होतो तो अटींचा. गिटहबवर खाते उघडताना तेथील सेवाशर्ती मान्य कराव्या लागतात. कोड साठवण्याचा, तपासण्याचा, दाखवण्याचा हक्क कंपनीला आणि सार्वजनिक कोड त्या संकेतस्थळावर पाहण्याचा व त्याची शाखा काढण्याचा हक्क इतर वापरकर्त्यांना त्या शर्तींनुसार मिळतो. स्वतःच्या सर्व्हरवर हा करार उरत नाही. दुसरा लाभ पत्त्याचा. स्वतःच्या नावाचे डोमेन असले की, सर्व्हर बदलला तरी पत्ता बदलत नाही. तिसरा लाभ चर्चेचा. गिटच्या प्रतीत कोड आणि त्याचा इतिहास येतो. पण त्रुटींच्या नोंदी, त्यांवरील वाद, सुधारणांचे प्रस्ताव येत नाहीत. ते संकेतस्थळाच्या मालकाकडे राहतात. अमुक निर्णय का घेतला, हे अनेकदा त्या चर्चेतच दडलेले असते. ती स्वतःजवळ असणे मोलाचे.

न मिळणाऱ्या गोष्टींची यादीही प्रामाणिकपणे द्यायला हवी. प्रत बाहेर गेली की ती गेलीच. इतरांनी ती गिटहबवर चढवणे परवान्याच्या अटी पाळून केले असेल, तर ते वैध आहे. सर्व्हरची सुरक्षा, अद्ययावत आवृत्त्या, राखीव प्रती हे रोजचे काम अंगावर येते. घरच्या संगणकावर सर्व्हर चालवणाऱ्याला पावसाळ्यातील खंडित वीजपुरवठ्याचा हिशेबही धरावा लागतो. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करत फिरणारे प्रोग्रॅम, ज्यांना ‘क्रॉलर’ म्हणतात, ते छोट्या सर्व्हरला अक्षरशः जेरीस आणतात. मार्च २०२५ मध्ये ग्नोमने दारावर ‘अनुबिस’ हा पहारेकरी प्रोग्रॅम बसवला. तेव्हा सुमारे अडीच तासांत आलेल्या ८१ हजार विनंत्यांपैकी जेमतेम तीन टक्के त्याच्या चाचणीतून पार झाल्या. उरलेली बहुतांश गर्दी यंत्रांचीच असावी, असा त्याचा अर्थ.

कायद्यापासूनही सुटका नाही. यूट्यूब-डीएलचे संकेतस्थळ जर्मनीतील ‘उबरस्पेस’ या छोट्या कंपनीच्या सर्व्हरवर होते. तीन बड्या संगीत कंपन्यांनी तिच्यावर दावा लावला आणि मार्च २०२३ मध्ये हॅम्बर्गच्या न्यायालयाने निकाल उबरस्पेसच्या विरोधात दिला. मोठ्या कंपनीचे छत सोडले की, वकिलांची नोटीस थेट आपल्या दारात येते.

मग करायचे काय?

दोन हत्यारांची दोन कामे वेगळी ठेवली की गोंधळ मिटतो. प्रत हाती असलेल्याने काय करावे, हे परवाना ठरवतो. आपल्या दारातून काय आत-बाहेर जावे, हे सर्व्हर ठरवतो. इतरांनी आपले बदल परत द्यावेत, अशी इच्छा असेल तर जीपीएल किंवा एजीपीएल निवडावा. केवळ नाव राहिले तरी पुरे असेल तर एमआयटी. काहीच द्यायचे नसेल, तर तेही हक्काचेच आहे. फक्त त्याला ओपन सोर्स म्हणू नये.

कुणी आपल्या नावावर भलतीच आवृत्ती खपवू नये, ही काळजी असेल तर तिचे उत्तर परवान्यात नव्हे, ट्रेडमार्कमध्ये आहे. मोझिलाच्या नावविषयक अटी मान्य न झाल्याने डेबियनला २००६ पासून दहा वर्षे ‘फायरफॉक्स’ ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने द्यावा लागला. कोड तोच असूनही नाव वापरता आले नाही. देवनागरी वाचकांच्या परिचयाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’चे टंक ज्या ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली मिळतात, त्या परवान्यातही टंक बदलता येतो, पण मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल, तर बदललेल्या टंकाला ते देता येत नाही.

व्यवहारात मध्यम मार्ग बहुतेकांना मानवतो. मुख्य प्रत आपल्या डोमेनवर ठेवावी, गिटहबवर तिची प्रतिकृती असू द्यावी आणि चर्चा व सुधारणा कुठे स्वीकारल्या जातात, हे दर्शनी फाइलमध्ये स्पष्ट लिहावे. आपण स्वतः प्रतिकृती ठेवली नाही तर दुसरा कुणी ठेवील, आणि ती जुनी की नवी हे वाचकाला कळणार नाही. ज्यांना गिटहबच्या शर्तीच अमान्य आहेत, त्यांनी प्रतिकृतीही ठेवू नये. मात्र इतरांच्या प्रतींवर रागावण्यात अर्थ नाही.

सरकारी कोडबाबत हा विचार अधिक गांभीर्याने व्हायला हवा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी ॲप्लिकेशन्सचा कोड खुला करण्याचे धोरण आखले. त्यासाठी ‘ओपनफोर्ज’ हे सरकारचे स्वतःचे व्यासपीठही आहे. तरीही मे २०२० मध्ये ‘आरोग्य सेतु’च्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला झाला तो गिटहबवर. अधिक लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी ते सोयीचे असेल. परंतु जनतेच्या पैशातून तयार झालेल्या कोडची अधिकृत मूळ प्रत देशातील सार्वजनिक संस्थेकडे आणि प्रतिकृती जगभर, असा क्रम असणे उचित ठरेल. खुलेपणाची परंपरा आपल्याला नवी नाही. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश २०१३ मध्येच ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला केला होता.

खुला परवाना देणे म्हणजे कोड कोणत्या हातांत जाईल, हे ठरवण्याचा हक्क सोडणे. ज्याला हे मान्य आहे, त्याने तो निर्धास्त द्यावा. स्वतःचा सर्व्हर थाटावा तो दिलेले परत मिळवण्यासाठी नव्हे, तर उद्या एखाद्या कंपनीने दार लावले, एखाद्या सरकारने पत्ता रोखला, तरी काम अडू नये आणि नवा माणूस मूळ प्रतीपर्यंत पोहोचू शकावा, यासाठी.